विंचू, प्राझोसिन आणि नडलेली अवतरणचिन्हं: पबमेडमधल्या एका शोधाचं प्रकरण

पार्श्वभूमी

जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात मी ग्रंथपाल आहे. बालरोग विभागातली पहिल्या वर्षाची एक रेसिडेंट दुपारच्या ओपीडीनंतर लायब्ररीत आली. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, विद्यापीठाकडे पाठवायला तिच्या हातात जेमतेम दोन आठवडे होते. विषय गाइड सरांनी दिलेला: लाल विंचू चावलेल्या मुलांना प्राझोसिन एकटं द्यावं की प्रतिविषाच्या जोडीनं?

विषय आमच्या भागातला, रोजचा. पेंढ्याची उडवी, जळणाचा ढीग, दाराबाहेरची चप्पल, विंचू कुठेही निघतो. बहुतेकांचं दुखण्यावर भागतं. लाल विंचवाचं तसं नाही. उलट्या, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय, आणि प्रकृती हाताबाहेर गेली तर फुप्फुसात पाणी. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी ही सुरुवातीची लक्षणं 1982 साली 'लॅन्सेट'मध्ये मांडली आणि 1986 साली त्याच नियतकालिकात प्राझोसिनचा अनुभव लिहिला. रक्तदाबावरची ही जुनी गोळी विंचूदंशावर चालते, हे जगाला कळलं ते महाडहून. पुढे 2011 साली 'बीएमजे'मध्ये महाडचीच 70 रुग्णांची चाचणी आली, नुसतं प्राझोसिन विरुद्ध प्राझोसिन अधिक प्रतिविष. थोडक्यात, रेसिडेंटचा प्रश्न घरचा आणि त्यावरचं महत्त्वाचं साहित्यही बरंचसं घरचंच. ते शोधायला कितीसा वेळ लागणार, असं तिलाही वाटलं होतं आणि खरं सांगायचं तर मलाही.

अडचण

पबमेडमध्ये, म्हणजे वैद्यकीय लेखांच्या मोफत ऑनलाइन सूचीत, शोध तिनं आधीच करून आणला होता. फोनवर दाखवला. अवतरणचिन्हांत 'स्कॉर्पिअन स्टिंग', मग 'अँड प्राझोसिन', मग 'अँड इंडिया'. डावीकडच्या पट्टीतले 'ह्यूमन्स' आणि 'चाइल्ड' हे दोन फिल्टर लावलेले. लेख मिळाले होते मूठभर. "मॅडम, एवढंच साहित्य असेल तर रिव्ह्यू कशाचा लिहू? सर म्हणतात, नीट शोध."

गाइड सरांनी तिला एक फाइलही दिली होती. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत त्यांनी जमवलेल्या नऊ लेखांच्या झेरॉक्स, काही कडेनं पिवळ्या पडलेल्या. मी ती फाइल आधी मागून घेतली. शोध बरा की वाईट हे मिळालेल्या लेखांच्या आकड्यावरून कळत नाही. जे लेख असलेच पाहिजेत हे आपल्याला ठाऊक आहे, ते सापडतात का यावरून कळतं. तिच्या शोधात नऊपैकी चार होते.

उरलेले पाच का निसटले, ते एकेक करून बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळभर चाललेलं हे काम कंटाळवाणं होतं, पण सगळ्या प्रकरणात त्याचाच उपयोग सर्वांत जास्त झाला.

पहिलं कारण अवतरणचिन्हं. पबमेडच्या पेटीत शब्द नुसते लिहिले तर ते पडद्यामागे त्यांचं भाषांतर करतं: त्या अर्थाचं ठरलेलं विषयशीर्षक शोधतं, एकवचन-अनेकवचन बघतं, आणि सगळं 'ऑर'नं जोडतं, म्हणजे यांपैकी काहीही चालेल. अवतरणचिन्हं घातली की ही सोय बंद. मग 'स्कॉर्पिअन स्टिंग' म्हणजे अक्षरशः तेवढंच. 'स्टिंग्ज' नाही, 'एन्व्हेनमिंग' नाही, 'पॉयझनिंग' नाही. बावस्करांचा 1992 सालचा 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मधला लेख घ्या. त्याच्या शीर्षकात इंडियन रेड स्कॉर्पिअनचं 'पॉयझनिंग' आहे, 'स्टिंग' हा शब्दच नाही. 1994 सालच्या 'टॉक्सिकॉन'मधल्या लेखाच्या शीर्षकात 'स्कॉर्पिअन एन्व्हेनमिंग' आहे आणि प्राझोसिनऐवजी 'व्हॅसोडायलेटर्स'. असे लेख सारांशात योग्य शब्द आला तरच सापडतात. ज्या नोंदीला सारांशच नाही, तिचं काय? मेडलाइनमध्ये, म्हणजे पबमेडच्या आतल्या विषयशीर्षकं लावलेल्या मुख्य संग्रहात, सारांश यायला लागले 1975 पासून, आणि त्यानंतरच्याही कितीतरी छोट्या लेखांना, पत्रांना सारांश नसतो.

दुसरं कारण ते फिल्टर. हे तिला खरंच माहीत नव्हतं, आणि दरवर्षीच्या बॅचमध्ये कुणालाच माहीत नसतं. 'ह्यूमन्स', 'चाइल्ड', 'मेल', 'फीमेल' हे फिल्टर लेख वाचून ठरत नाहीत. नोंदीवर विषयशीर्षकांची चिठ्ठी लागलेली असेल तरच ते चालतात. पबमेडमध्ये मेडलाइनबाहेरच्याही खूप नोंदी आहेत आणि त्यांना ही चिठ्ठी कधीच लागत नाही. फिल्टरवर टिचकी मारली की त्या सगळ्या गुपचूप बाहेर जातात. लेख मुलांवरचा असला तरी.

'इंडिया'चं उलटंच. तो शब्द लेखकांच्या पत्त्यातही शोधला जातो, त्यामुळे पुण्यात बसून उंदरांवर केलेला प्रयोगही आत येतो. आणि हाच लाल विंचू पाकिस्तानात, नेपाळमध्ये, श्रीलंकेत जाफनाकडेही आहे, तिथले लेख मात्र बाहेर राहतात.

समोरचे पर्याय

पर्याय तीन होते.

एक, तिचाच शोध दुरुस्त करायचा: अवतरणं काढायची, समानार्थी शब्द वाढवायचे आणि मोकळ्या शब्दांवरच राहायचं. सोपं, आणि नव्यात नवा लेखही सुटत नाही. पण विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, या विंचवाचं तर नावही मुक्काम बदलत आलंय. जुन्या लेखांत तो 'बुथस टॅम्युलस', मधल्या काळात 'मेसोबुथस टॅम्युलस', आता प्राणिशास्त्रज्ञांच्या लेखी 'हॉटेंटोटा टॅम्युलस'. डॉक्टर मंडळी सवयीनं जुनंच नाव लिहितात. प्रतिविषाचंही तसंच: अँटिव्हेनम, अँटिव्हेनिन, अँटिस्कॉर्पिअन व्हेनम सीरम. लेखकाला कोणता शब्द सुचला असेल याचा अंदाज करत बसण्याला अंत नाही.

दोन, फक्त मेश वापरायचं. मेश म्हणजे मेडिकल सब्जेक्ट हेडिंग्ज, अमेरिकेत बेथेस्डाच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिननं 1960 पासून चालवलेली विषयशीर्षकांची ठरलेली यादी. आज त्यात तीस हजारांवर शीर्षकं आहेत. घरात बाळ्या असला तरी शाळेच्या हजेरीत बाळकृष्ण, तसं लेखकानं काहीही लिहिलं तरी नोंदीवर ठरलेलंच नाव लागतं. 'हार्ट अटॅक' लिहा, हजेरीत 'मायोकार्डिअल इन्फार्क्शन'. शीर्षकं झाडाच्या फांद्यांसारखी रचलेली, त्यामुळे वरची फांदी धरली की खालच्या डहाळ्या आपोआप येतात. यालाच एक्सप्लोड म्हणतात.

तीन, दोन्हींची सांगड.

एम्बेस ही वर्गणीची दुसरी लेखसूची आणि तिची एमट्री ही वेगळी शब्दसूची असा चौथा पर्याय कागदावर होता. वर्गणी आमच्या महाविद्यालयाच्या आवाक्यात नाही, त्यामुळे चर्चा तिथेच संपली.

काय केलं

इथे मला माझी चूक सांगायला हवी. मी दुसरा पर्याय निवडला. ग्रंथपालाला मेशचा अभिमान असतोच. मागच्या खोलीत 'इंडेक्स मेडिकस' या जुन्या छापील लेखसूचीचे जाडजूड खंड आहेत, मी ते हातानं उलटत शिकले. 'स्कॉर्पिअन स्टिंग्ज' हे शीर्षक, त्याला 'ड्रग थेरपी' हे उपशीर्षक, वर 'मेजर टॉपिक'ची अट, म्हणजे लेखाचा मुख्य विषय तोच असलेले. शोध दिसायला अगदी देखणा. आलेले लेख वाचले तर जवळजवळ प्रत्येक कामाचा. रेसिडेंट खूश. मग फाइलशी ताडून बघितलं. नऊपैकी पाच.

आणि चुकलेल्यांत सरांचे सगळ्यांत जुने, म्हणजे ज्यांच्याशिवाय हा रिव्ह्यू सुरूच होऊ शकत नाही, तेच लेख. प्राझोसिनवरच्या रिव्ह्यूमध्ये प्राझोसिनचा पहिला लेख नाही!

त्या लेखांच्या नोंदी उघडल्या तेव्हा उलगडा झाला. शीर्षकांची चिठ्ठी होती, पण तिच्यावर 'स्कॉर्पिअन स्टिंग्ज' नव्हतं. 'बाइट्स अँड स्टिंग्ज', 'स्कॉर्पिअन्स', 'स्कॉर्पिअन व्हेनम्स' अशी नावं होती. मेशच्या यादीत जाऊन 'स्कॉर्पिअन स्टिंग्ज'ची माहिती वाचली तर कळलं, हे शीर्षकच त्या लेखांनंतर कितीतरी वर्षांनी यादीत आलं. यादी दरवर्षी बदलते, नवी शीर्षकं येतात. जुन्या नोंदी मात्र सहसा पुन्हा लेबल केल्या जात नाहीत. प्रत्येक शीर्षकाच्या पानावर ते कोणत्या साली आलं आणि त्याआधी तो विषय कुठे ठेवत असत, हे बहुधा दिलेलं असतं. ते पान मी इतकी वर्षं उघडत होते, पण त्या दोन ओळी वाचायची सवय मला नव्हती.

मग तिसरा पर्याय. सगळं नव्यानं बांधायला बसलो, कागद-पेन घेऊन. दोन गट केले. एक विंचूदंशाचा, एक उपचाराचा. गटाच्या आत सगळं 'ऑर', दोन गटांत 'अँड'. 'मुलं' हा तिसरा गट मुद्दाम केला नाही. वय लेख वाचताना बघता येतं, आणि लहानमोठे रुग्ण एकत्र असलेल्या लेखांतही मुलांची आकडेवारी वेगळी दिलेली असू शकते. 'इंडिया' काढून टाकलं.

विंचूदंशाच्या गटात 'स्कॉर्पिअन स्टिंग्ज', 'स्कॉर्पिअन्स' आणि 'स्कॉर्पिअन व्हेनम्स' ही तीन शीर्षकं. चौथं 'बाइट्स अँड स्टिंग्ज', पण एक्सप्लोड बंद करून, कारण त्याच्या खालच्या डहाळ्यांवर साप आहेत, कोळी आहेत. आम्हाला फक्त ते लेख हवे होते, जे डहाळी फुटण्याआधी फांदीवरच बसवले गेले होते. सोबत शीर्षक-सारांशात 'स्कॉर्पिअन' पुढे तारा, म्हणजे अनेकवचनही येईल, आणि विंचवाची तिन्ही शास्त्रीय नावं.

उपचाराच्या गटात 'प्राझोसिन' आणि 'अँटिव्हेनिन्स' ही शीर्षकं, आणि त्यांचे सगळे मोकळे शब्द, 'अँटिस्कॉर्पिअन'सकट. 'स्कॉर्पिअन' पुढचा तारा 'अँटिस्कॉर्पिअन'ला पकडत नाही, हे रेसिडेंटच्याच लक्षात आलं. औषधांची एक खोच इथे सांगायला हवी. प्राझोसिन ज्यात मोडतं त्या अल्फा ब्लॉकर गटाचं मेश शीर्षक एक्सप्लोड केलं की प्राझोसिन आपोआप येईल असं वाटतं. येत नाही. औषधं झाडावर रासायनिक रचनेप्रमाणे बसवली आहेत, कामाप्रमाणे नाहीत. औषधाचं काम जोडलेलं असतं ते 'फार्माकोलॉजिकल ॲक्शन' या वेगळ्या खुणेनं. ती खूण लावून अल्फा ब्लॉकर गटही घेतला, म्हणजे 'व्हॅसोडायलेटर्स'सारख्या शीर्षकांच्या लेखांवर प्राझोसिनची चिठ्ठी नसली तरी गटातल्या दुसऱ्या औषधाच्या नावावर ते पकडता यावेत.

उपशीर्षक काढलं, 'मेजर टॉपिक' काढलं. दोन्ही अटी चिठ्ठी लावणाऱ्याच्या निर्णयावर उभ्या असतात, आणि तो निर्णय आपल्यासारखाच असेल असं धरून चालता येत नाही.

आता दुसरीच आफत. निकालांत उंदरांच्या रक्तवाहिन्यांचा महापूर. आधी उमगेना, विंचूदंशाच्या शोधात उंदराची महाधमनी कशाला? सारांश वाचल्यावर कळलं. पोटॅशियम चॅनेल बंद करायला प्रयोगशाळेत चॅरिब्डोटॉक्सिन, आयबेरिओटॉक्सिन वापरतात. दोन्ही विंचवाच्या विषातली. आयबेरिओटॉक्सिन तर आपल्याच लाल विंचवाचं. आणि रक्तवाहिन्यांच्या त्याच प्रयोगांत अल्फा रिसेप्टर बंद करायला घालतात प्राझोसिन! म्हणजे आमचे दोन्ही गट तिथे चपखल बसत होते. विंचू आहे, प्राझोसिन आहे, फक्त रुग्ण नाही.

ते काढायला 'नॉट ॲनिमल्स' म्हणावं, असं तिनं सुचवलं. मी थांबवलं. मेशच्या झाडात माणूसही प्राण्यांच्याच फांदीवर बसलेला आहे, त्यामुळे 'ॲनिमल्स' वगळलं की चिठ्ठी लागलेला सगळाच माल जातो. त्यासाठी दुहेरी नकार लागतो: ज्यांवर 'ॲनिमल्स' आहे पण 'ह्यूमन्स' नाही, तेवढेच वगळा. कंस चुकला तर अर्थ उलटतो, म्हणून दोनदा तपासला. चिठ्ठी न लागलेल्या नोंदींना हा नकार हातही लावत नाही, त्या राहतात. हा दुहेरी नकार आणि तो 'ह्यूमन्स' फिल्टर दिसायला सारखेच. फरक एवढाच की फिल्टर चिठ्ठी नसलेल्यांनाही हाकलतो.

मला आवडणारी एक नवी सोय इथे फारशी कामाला आली नाही. 2022 च्या अखेरीपासून पबमेडमध्ये दोन शब्द एकमेकांपासून किती शब्दांच्या अंतरात हवेत, हे सांगता येतं. 'स्टंग बाय अ स्कॉर्पिअन'सारख्या वाक्यांसाठी छान. पण त्या शोधात तारा चालत नाही, आणि आमचा ताऱ्यावाला शोध ते सगळं आधीच पकडत होता. काढून टाकली.

निष्पत्ती

तिसऱ्या शोधात नऊपैकी आठ. नववा पबमेडमध्येच नव्हता. तो एका विभागीय वैद्यकीय संघटनेच्या वार्षिकांकातला, आणि असे अंक तिथे सहसा नोंदले जात नाहीत.

लेखांची संख्या आता काही शे झाली. मूठभरावरून एकदम एवढी. रेसिडेंटचा चेहरा उतरला, ते स्वाभाविकच. मेक्सिको, ट्युनिशिया, ब्राझील इथले त्यांच्या त्यांच्या विंचवांवरचे प्रतिविषाचे लेख त्यात होते. शीर्षक आणि सारांश वाचून तिनं आणि तिच्या बॅचमधल्या एका रेसिडेंटनं स्वतंत्रपणे चाळणी लावली, चार रात्री. ड्युटी सांभाळून. हाती आलेले लेख पहिल्या शोधाच्या कितीतरी पट होते, आणि त्यांत सरांनाही माहीत नसलेले काही निघाले. सर फाइल बघून एवढंच म्हणाले, "हे मला आधी का नाही मिळालं?"

सिनॉप्सिस वेळेत गेला. शोधाची पूर्ण ओळ, तारीख आणि त्या दिवशी मिळालेल्या लेखांचा आकडा तिनं वहीत उतरवून ठेवला, आणि पबमेडच्या मोफत खात्यात शोध जतनही केला.

तिसऱ्या वर्षी प्रबंध लिहिताना तोच शोध पुन्हा चालवला. नवे लेख आले, ते अपेक्षितच. पण नव्या लेखांवरच्या चिठ्ठ्या मला थोड्या ढिल्या वाटल्या. एप्रिल 2022 पासून मेडलाइनची विषयशीर्षकं यंत्र लावतं, शीर्षक आणि सारांश वाचून, आणि माणूस त्यातली काही तपासतो. पूर्ण लेख वाचून चिठ्ठी लावणारा माणूस आता प्रत्येक लेखामागे नाही. चिठ्ठी मात्र पूर्वीपेक्षा खूप लवकर लागते. एका लेखात प्राझोसिन फक्त आतल्या तक्त्यात होतं, सारांशात नाही; त्यावर 'प्राझोसिन' लागलं नव्हतं. तो सापडला 'अँटिव्हेनिन्स'मुळे.

आता करायचं झालं तर

दोन गोष्टी मी उलट क्रमानं करेन. फाइलमधले नऊ लेख आधी उघडून त्यांच्यावरच्या चिठ्ठ्या टिपून घेईन, आणि मग शोध बांधायला बसेन. मी आधी शोध बांधला आणि मग तपासला, त्यात दोन दिवस गेले. दुसरं म्हणजे एक्सप्लोडचा निर्णय. 'स्कॉर्पिअन व्हेनम्स' मी एक्सप्लोडसकट घेतलं, त्यामुळे चॅरिब्डोटॉक्सिन आत आलं. एक्सप्लोड बंद ठेवलं असतं तर उंदरांचा पूर बराच आवरला असता. पण एखादा जुना दंशाचा लेख चुकून त्या डहाळीवर बसवलेला असता तर? मी अजून ठरवू शकलेले नाही. गाइड सरांचं मत, पूर आला तरी चालेल. रात्री जागून चाळणी लावणाऱ्यांना विचारलं तर वेगळं उत्तर मिळेल.

कोक्रेन लायब्ररी या उपचारांच्या पुराव्यांच्या संग्रहातल्या चाचण्यांच्या नोंदवहीतही मेश चालतं आणि तिथे शोधायला वर्गणी लागत नाही. ते आम्ही सिनॉप्सिसनंतर केलं, आधी करायला हवं होतं.

नववा लेख अजूनही पबमेडमध्ये नाही. सरांच्या फाइलमधून त्याची नवी झेरॉक्स काढली, वर विभागीय अंकाचं नाव आणि वर्ष पेन्सिलीनं लिहिलं आणि लायब्ररीच्या स्थानिक साहित्याच्या कपाटात ठेवली. कॅटलॉगमध्ये विषयाच्या रकान्यात 'स्कॉर्पिअन स्टिंग्ज' लिहिलं, आणि त्याच्या खाली 'विंचूदंश', 'इंगळी', 'बाइट्स अँड स्टिंग्ज'.